जुन्या कॅमेरोत एलएस इंजिन बसवतोय, चेंबर कुठला घेऊ?

जुनं_धूड

मंडळी, नमस्कार. दोन वर्षं नुसता वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गाडी १९६९ची कॅमेरो. मूळ इंजिन माझ्याकडे यायच्या आधीच कुणीतरी काढून टाकलेलं, जे होतं ते निळा धूर ओकत होतं. त्याच्या जागी जीएमच्या पिकअप ट्रकमधलं ५.३ लिटरचं व्ही-८ घेतलंय, एलएस घराण्यातलं लोखंडी ब्लॉकचं एलएम७. हेड उघडून पाहिलं, आत स्वच्छ आहे. काल क्रेनला टांगून पहिल्यांदा गाडीत सोडलं आणि डोळे पांढरे झाले. ट्रकचा चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं, जवळपास सव्वाआठ इंच खोल आहे. क्रॉसमेंबरच्या (इंजिनखालच्या सांगाड्यातल्या आडव्या तुळईच्या) खाली चांगला चार बोटं लोंबतोय. पहिल्याच स्पीडब्रेकरला तळ जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

आता पर्याय असे दिसतायत. १९९८ ते २००२ च्या कॅमेरोचा जुना चेंबर मिळवायचा, किंवा कॉर्व्हेटचा तो पंख फुटलेला उथळ चेंबर, किंवा खास अशा अदलाबदलीसाठी बनवलेला नवा. चौथा पर्याय म्हणजे आहे तोच खालून कापून नवा तळ वेल्ड करायचा. खरं सांगायचं तर माझा कल चौथ्याकडे आहे, कारण वेल्डिंग घरचंच आहे.

तेलकट_बोटं

चौथा पर्याय डोक्यातून काढ.

एक तर तो चेंबर ओतीव ॲल्युमिनियमचा आहे आणि वीस वर्षं तेलात मुरलाय. वरून कितीही घासून धुतला तरी टाका मारायला लागलास की बारीक छिद्रांतून तेल वर येतं आणि टाका भजीसारखा फुगतो. मी करून बसलोय. तीनदा घासून तीनदा मारला, तरी पाझरत होताच.

दुसरं म्हणजे, एलएसचा चेंबर हा नुसता तेलाचा डबा नाही. मागच्या बाजूने तो बेल हाउसिंगला (गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या भागाला) बोल्टने जोडलेला असतो. इंजिन आणि गिअरबॉक्स ताठ ठेवायचं काम तोही करतो. शेवरोलेच्या जुन्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ला पत्र्याचा चेंबर असायचा, तो काढला काय आणि घातला काय, बाकीच्यांना फरक पडत नव्हता. इथे पडतो. वेल्डिंगच्या उष्णतेने पॅकिंगची बाजू वाकली तर आयुष्यभर थेंब मोजत बसशील.

आता माझे प्रश्न. इंजिन ज्यावर बसतं त्या फाउंडेशनसाठी कुठल्या ॲडॅप्टर पट्ट्या घेतल्यास? त्यांनी इंजिन मागे सरकतं का पुढे? आणि स्टिअरिंगच्या लिंका जागेवर होत्या का काल इंजिन सोडलंस तेव्हा?

मूळ_तेच_खरं

त्या वर्षाच्या गाडीत त्याच वर्षाचं इंजिन शोधून घाला की. पुढच्या पिढीला काय दाखवणार, ट्रकचं इंजिन?

जुनं_धूड

@मूळ_तेच_खरं, मूळ इंजिन असतं तर हात लावला नसता, शप्पथ. पण ते नाही. वेगळ्या धाग्यावर भांडू.

@तेलकट_बोटं काका, पट्ट्या अजून पक्क्या केलेल्या नाहीत. एक जोडी आहे ती इंजिन एक इंच मागे घेते. आणि लिंका... काढून ठेवल्या होत्या, क्रेनला अडचण होत होती म्हणून.

तेलकट_बोटं

वाटलंच. लिंका नसताना काय वाटेल ते बसतं.

रिंगपाना

काका म्हणतात तेच जरा सविस्तर लिहिते, कारण माझा यात एक चेंबर गेलाय.

१९६७ ते ६९ च्या कॅमेरोत स्टिअरिंगची सेंटर लिंक क्रॉसमेंबरच्या मागून जाते, म्हणजे बरोब्बर चेंबरच्या पुढच्या उथळ भागाखालून. मागे खोल हौद, पुढे उथळ पाट आणि त्या दोघांमध्ये जी पायरी आहे तिथे सगळा खेळ असतो. चाकं सरळ असताना लिंक एका जागी असते. स्टिअरिंग फिरवलं की ती आडवी सरकते, पण सरळ रेषेत नाही, चाप काढत. त्यामुळे मधे भरपूर जागा दिसली म्हणून हुरळून जायचं नाही.

मी हुरळले होते. हातात आलेला जुना चेंबर लावला, लिंक जोडली, खालून टॉर्च मारली, बोटभर फट दिसली, झालं. पहिले दोन महिने काहीच नाही. मग गाडी लावताना पूर्ण उजवीकडे वळवून गिअर टाकला की खालून 'खर्र' असा आवाज यायला लागला. कुणी म्हणे बेअरिंग, कुणी म्हणे पॉवर स्टिअरिंगचा पंप. शेवटी जॅकवर घेऊन खाली झोपले तर चेंबरच्या पायरीवर नखाएवढी चकचकीत चंद्रकोर कोरलेली, नवीन नाण्यासारखी चमकत होती. तिच्या मधोमध केसाएवढी चीर आणि चिरेत तेलाचा थेंब. इंजिन रबरावर बसलेलं असतं हे मी धरलंच नव्हतं. गिअर टाकला की ते एका अंगाला कलतं, आणि तेवढ्यानेच माझी बोटभर फट संपत होती.

म्हणून सांगते, चेंबर निवडायच्या आधी लिंक आणि तिची दोन टोकं धरणारे पिटमन आर्म, आयडलर आर्म सगळं जोड. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरव आणि दर थोड्या अंतराला फट मोज. सगळ्यात अरुंद जागी निदान १२ मिमी तरी राहायला हवी. त्याहून कमी असेल तर मला झोप लागणार नाही, तुला लागत असेल तर लागू दे.

हळू_चालवा

ताई, हे गाडी जॅकवर असताना मोजलं तर चुकीचं येणार ना? चाकं लोंबकळत असतात. जमिनीवर ठेवून, मागेपुढे दाबून मोजायला हवं.

रिंगपाना

सेंटर लिंकला फरक पडत नाही. ती पिटमन आणि आयडलरच्या मधे आहे, आणि ते दोन्ही फ्रेमला पक्के आहेत. चाक वरखाली झालं की हलतात ते बाहेरचे टायरॉड. त्यांची आतली टोकं चेंबरच्या कडेजवळून जातात म्हणून तिथे मात्र तुझं म्हणणं बरोबर आहे. स्प्रिंग काढून, चाक जॅकने वर-खाली करून ते वेगळं बघायचं.

क्रँकशाफ्ट

फटीचं झालं, आता आत काय होतं तेही बघा, कारण उथळ चेंबर घ्यायची घाई सगळ्यांनाच असते.

वळणावर गाडीला १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा, आडवा जोर लागला तर चेंबरमधल्या तेलाची पातळी ४५ अंशांत कलते. हे कुठल्याही कंपनीचं गुपित नाही, शाळेतलं भूमितीचं गणित आहे. अर्धा जी असेल तर साधारण २७ अंश. आता २५ सेंटिमीटर रुंद सपाट चेंबर डोळ्यांसमोर आणा. ४५ अंशांत एका कडेपेक्षा दुसऱ्या कडेला तेल २५ सेंटिमीटर वर चढायला बघणार, म्हणजे अर्ध्या चेंबरचा तळ उघडा. स्ट्रेनर, म्हणजे पंपाच्या नळीचं तेल ओढणारं जाळीचं तोंड, त्या उघड्या भागात असला की पंप हवा ओढतो. बेअरिंगला एक-दोन सेकंद हवा मिळाली तरी पुरे.

म्हणून तेल खोल आणि अरुंद जागी साठलेलं चांगलं, पसरट थाळीत वाईट. उथळ चेंबर घ्यायचाच असेल तर आत आडवे पडदे आहेत का बघा. नुसते पडदे नकोत, तेल स्ट्रेनरकडे येऊ देणारी पण परत जाऊ न देणारी झडपवजा दारं असतील तर उत्तम.

हौद मागे असला की जोरात निघताना तेल आपोआप स्ट्रेनरकडे येतं. करकचून ब्रेक मारला की पुढे पळतं. हौद पुढे असलेल्याचं उलटं. २००४ ते ०६ च्या जीटीओला पुढे हौद होता, आणि काही गाड्यांत तोच बसतो. तुमच्या गाडीत पुढे क्रॉसमेंबर आणि लिंक असल्यामुळे तो विषय तसाही संपला.

हळू_चालवा

आमच्या गाडीला १ जी लागतो तो फक्त बायको शेजारी बसली असताना ब्रेक मारला की 😀

क्रँकशाफ्ट

😀 तरी मुद्दा उरतोच. साध्या रबरावर जुनी गाडी ०.८ च्या आसपासचा ब्रेक सहज मारते, म्हणजे जवळजवळ ३९ अंश.

तेलकट_बोटं

आता पर्यायांवर बोलू.

कॉर्व्हेटचा चेंबर विसर. उथळ आहे हे खरं, पण दोन्ही बाजूंना पंख आहेत आणि तेल त्या पंखांतच साठतं. १९९७ला पहिला एलएस ज्या कॉर्व्हेटमध्ये आला तिच्यासाठी तो घडवलाय. तुझ्या सबफ्रेमच्या (पुढच्या सांगाड्याच्या) मधे ते पंख मावायचे नाहीत, मावले तर हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) मावायचे नाहीत.

९८ ते ०२ च्या कॅमेरोचा चेंबर चांगला. मागे हौद, खोली आटोक्यात, फिल्टर बदलण्यासकट साडेपाच क्वार्ट म्हणजे ५.२ लिटर तेल. ट्रकला सहा क्वार्ट लागतं, तेव्हा फार काही गमावत नाहीस. पण पहिल्या पिढीच्या कॅमेरोत त्याची पायरी लिंकच्या फार जवळ येते. एक इंच मागे नेणाऱ्या पट्ट्या लावल्या तर जमतं म्हणणारे आहेत, घासतं म्हणणारेही आहेत, आणि दोघंही खरं बोलतात. पट्टी वेगळी, रबर वेगळं, सबफ्रेमचं बसणं वेगळं.

तिसरा, या कामासाठीच बनवलेला. शेवरोलेने स्वतः जुन्या मसल कारसाठी एक काढला. हॉलीच्या ३०२ मालिकेत प्रकार आहेत, पुढचा भाग किती उथळ आणि मागचा हौद किती खोल एवढाच त्यांच्यात मुख्य फरक. तुला यातलाच लागेल असं मला वाटतं, पण आधी मोज.

आणि क्रम नीट धर. आधी चेंबर, मग पट्ट्या. लोक उलटं करतात. फाउंडेशन पक्कं करून टाकतात, चेंबर घासायला लागला की इंजिन वॉशर घालून उचलतात, मग बॉनेट लागत नाही, मग बॉनेटला भोक. एका चेंबरसाठी पूर्ण गाडीची वरात.

जुनं_धूड

तीन रविवार गेले, पण मोजून आलो.

मित्राकडून ९८ सालचा चेंबर दोन दिवसांसाठी मागून आणला. एक इंच मागच्या पट्ट्या, नवीन रबर, लिंका सगळ्या जोडलेल्या. ताईंनी सांगितलं तसं स्टिअरिंग फिरवत मोजलं. फीलर गेज एवढ्या फटीला पुरत नाही म्हणून ड्रिल बिटांच्या मागच्या गुळगुळीत दांड्या फटीत सरकवून बघितल्या. सरळ असताना ११ मिमीची दांडी जाते. पूर्ण उजवीकडे ६. पूर्ण डावीकडे ३ ची कशीबशी. मग पहार लावून इंजिन एका अंगाला रेटलं तर डावीकडची फट शून्य. तिथेच निकाल लागला.

मग पुठ्ठा कापून खास चेंबरचा साचा केला, मापं कागदावरच्या आकृतीवरून. सगळ्यात अरुंद जागी १६ येतायत. खाली क्रॉसमेंबरच्या तळापेक्षा हौद जेमतेम अर्धा इंच खाली.

एक भलतीच गोष्ट यात सापडली. चेंबर बसला तरी ट्रकचा एसी कॉम्प्रेसर सबफ्रेममध्ये घुसतोय. तो खाली, चेंबरच्या उजव्या अंगाला असतो. तेव्हा तो फिरवणाऱ्या बेल्टचा सगळा संचही बदलावा लागणार.

रिंगपाना

पुठ्ठ्यावर भरवसा ठेवून मागवू नकोस असं म्हणणार होते, पण १६ आहेत म्हणजे दोन-तीन मिमी इकडेतिकडे झाले तरी चालतंय.

मागवताना चेंबरबरोबर त्याचाच स्ट्रेनर, त्याचाच विंडेज ट्रे (क्रँक आणि तेलाच्या मधला पत्रा) आणि डिपस्टिकचं काय ते विचार. ट्रकचा स्ट्रेनर त्या खोल हौदासाठी आहे, तो नव्यात मावणारच नाही. आणि फिल्टरचे आटे बघून घे. जुन्या एलएस चेंबरना इंची आटे असतात, नंतरच्यांना २२ मिमीचे. दोन्ही फिल्टर बाहेरून सारखेच दिसतात.

क्रँकशाफ्ट

स्ट्रेनर आणि तळ यांच्यातलं अंतर मोजल्याशिवाय चेंबर बंद करू नका. मुलांची खेळायची क्ले घ्या, स्ट्रेनरच्या तोंडावर गोळा चिकटवा, चेंबर पॅकिंगसकट बसवून चार बोल्ट हाताने आवळा, परत काढा आणि चेपलेल्या गोळ्याची जाडी मोजा. ६ ते १० मिमी असावी. कमी असेल तर तोंड दाबलं जातं, जास्त असेल तर वळणावर हवा. नंतर क्ले शेवटच्या कणापर्यंत काढा.

क्रँकही हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून बघा. तुमचा स्ट्रोक मूळचा ९२ मिमीचा आहे, त्यामुळे काही लागू नये. ज्यांनी चार इंची स्ट्रोकचा क्रँक घातलाय त्यांचे कनेक्टिंग रॉडचे बोल्ट उथळ चेंबरच्या पुढच्या भागाला किंवा ट्रेला जाऊन लागतात.

मूळ_तेच_खरं

विषय निघालाच आहे तर, जुन्या स्मॉल ब्लॉकवाल्यांनीही डोळे झाकून चेंबर घेऊ नये. १९८०च्या आधी डिपस्टिक डावीकडे, नंतर उजवीकडे. ८६ पासून मागचं सील एकसंध, त्याआधी दोन तुकड्यांचं, आणि चेंबर एकमेकांना लागत नाहीत. पुढच्या सीलची जाडीही १९७५ला बदलली.

तेलकट_बोटं

बघा, मूळ_तेच_खरं कामाचं बोलले. तारीख लिहून ठेवा.

धूड, बसवतानाचं सांगतो. पॅकिंग कोरडंच बसतं, सगळीकडे सिलिकॉन थापू नकोस. फक्त चार कोपऱ्यांत, पुढचं आणि मागचं कव्हर जिथे ब्लॉकला मिळतं तिथे, बोटाच्या पेराएवढं. मग चेंबरची मागची कड आणि ब्लॉकची मागची कड सरळ पट्टी लावून एका पातळीत आण. चेंबर फार तर ०.१ मिमी आत चालेल, बाहेर अजिबात नको. बाहेर राहिला आणि बेल हाउसिंग आवळलंस तर कान तुटतो. मोठे बोल्ट २५ न्यूटन मीटर, मागच्या कव्हरमधले दोन लांब बारीक फक्त १२. ते दोन बारीक बोल्ट मोडून ठेवलेली इंजिनं मी मोजायची सोडून दिली आहेत.

जुनं_धूड

धागा वर काढतोय. तीन महिने झाले.

चेंबर आला, बसला, १५ मिमी फट मिळाली, एकदाही घासला नाही. इंजिन सुरूही झालं. पण मंडळी, प्रेशर नाही. थंड असताना सुरू केलं की पाच-सहा सेकंद टॅपेटचा टकटकाट, मग गेज चढतं. गरम झालं की आयडलला १० पीएसआय आणि २०००ला जेमतेम १५. फॅक्टरीचं किमान बघितलं तर १०००ला ६, २०००ला १८, ४०००ला २४. दुसरं गेज लावून बघितलं, तेच. बेअरिंग गेलं का माझं? ट्रकमध्ये होतं तेव्हा चांगलं होतं हो.

तेलकट_बोटं

इंजिन बंद कर आणि सुरू करू नकोस. स्ट्रेनरची ओ-रिंग नवीन घातलीस का? कुठली?

जुनं_धूड

नवीनच. पॅकिंगच्या एका किटमध्ये आली होती तीच. जरा सैल वाटली होती, पण बसली.

तेलकट_बोटं

'सैल वाटली पण बसली.' सापडला चोर.

जुन्या स्मॉल ब्लॉकला पंप मागे, खाली हौदातच असतो. एलएसचा पंप पुढे क्रँकच्या नाकावर. हौद मागे, पंप पुढे, मधे हातभर लांब नळी, आणि पंपाजवळ त्या नळीला एक ओ-रिंग. ती जागा तेलाच्या पातळीच्या वर येते. म्हणून रिंग सैल असली की तेल गळत नाही, हवा आत येते. बाहेरून थेंबही दिसत नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर दीड-दोन लिटर तेल जास्त भर आणि गाडीचं नाक उतारावर खाली येईल अशी लाव, म्हणजे रिंग तेलात बुडेल. मग अगदी थोडा वेळ सुरू करून गेज बघ. प्रेशर उडी मारून वर आलं तर बेअरिंग निर्दोष. नंतर जास्तीचं तेल लगेच काढ, तसं चालवू नकोस.

जुनं_धूड

काका, पाय कुठे आहेत तुमचे?

नाक खाली करून लावली, सुरू केली, दोन सेकंदांत ४०. टॅपेट गप्प.

चेंबर उतरवला. इंजिन न काढता उतरला हे नशीब, क्रॉसमेंबरवरून तिरका करून पुढची कड आधी सोडावी लागली. नळी काढली तर रिंग एका बाजूने चपटी आणि दुसऱ्या बाजूने कोरी करकरीत, म्हणजे तिकडून टेकलीच नव्हती. नळीच्या तोंडाचा आकार पाहून योग्य जाडीची आणली. घालताना तेल लावून, आधी नळी हाताने सरळ पूर्ण आत ढकलली आणि मग बोल्ट, १२ वर. आधी मी बोल्टनेच नळी ओढून घेतली होती. एकच बोल्ट असल्यामुळे ती तिरकी आत गेली असणार, असं आता वाटतंय.

फ्युएल पंपाचा फ्यूज काढून नुसता सेल्फ मारत गेज वर येईपर्यंत फिरवलं, मग सुरू केलं. गरम आयडल २८, २०००ला ४२.

रिंगपाना

मस्त! डिपस्टिकचं काय केलंस? चेंबर बदलला की जुनी खूण खोटी.

जुनं_धूड

हो, ते काल केलं. तेल पूर्ण काढलं, नवा फिल्टर, चेंबरबरोबरच्या कागदावर दिलंय तेवढं मोजून भरलं. दोन मिनिटं चालवून बंद केली, सपाटीवर अर्धा तास तशीच ठेवली. तेल जुन्या 'फुल'च्या खुणेपेक्षा बोटभर खाली दिसलं. जुन्या खुणेवर विसंबून भरलं असतं तर क्रँक तेलात बुडून फेस झाला असता. कानशीने नवीन खाच मारली आणि जुन्या खुणांवर फुल्या.

आता एकच. आज सकाळी गाडीखाली रुपयाएवढा डाग दिसला. हात लावून बघितलं तर लाल आहे.

तेलकट_बोटं

लाल म्हणजे गिअरबॉक्स किंवा पॉवर स्टिअरिंग. चेंबरचा संबंध नाही. नवीन धागा काढ.